'शुगरवर रामबाण' लिहायचं नाही, मग लिहायचं काय? घरगुती माल ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी

चार वर्षांपूर्वी मी जांभळाच्या बियांची पावडर ऑनलाइन टाकली तेव्हा फोटोवरच ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'मधुमेहावर रामबाण, गोळ्यांपासून सुटका'. तेव्हा त्यात काही गैर वाटलंच नाही, प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर तेच, नेटवर तेच, आपण काय वेगळं करतोय. तीन आठवड्यांत लिस्टिंग, म्हणजे साइटवरचं त्या वस्तूचं विक्रीचं पान, उडाली, अकाउंटवर वॉर्निंग आली आणि ८ किलो पावडर घरात पडून. मी जाम चिडलेले. त्याच आठवड्यात एका गिऱ्हाईक काकांचा फोन आला, "ताई, दोन डबे संपले, आता गोळी बंद केली तर चालेल ना?"

त्यांनी विचारलं तरी. न विचारता ज्यांनी बंद केली असेल त्यांचं काय, हे डोक्यात आलं आणि चिडणं संपलं. नियम मी त्यानंतर वाचायला घेतले. आता आमच्या बचत गटाच्या आणि ओळखीतल्या पंधरा-वीस जणींच्या लिस्टिंग मी तपासून देते, आणि प्रत्येकीला तेच तेच सांगते, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. मी वकील नाही, पण त्यानंतर आजवर माझी एकही लिस्टिंग उडालेली नाहीये.

आधी ठरवा तुमची वस्तू कुठल्या कप्प्यात आहे

हे कोणी करत नाही आणि गडबड इथूनच होते. आपल्याकडे घरगुती माल साधारण तीन कप्प्यांत पडतो. खायचा असेल तर तो अन्न, त्याला एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षा पाहणारी केंद्र सरकारची संस्था) रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स आणि पाकिटावर तो १४ आकडी नंबर. अंगाला-केसांना लावायचा असेल आणि फक्त स्वच्छतेसाठी किंवा छान दिसण्यासाठी असेल तर कॉस्मेटिक, त्याला २०२० चे कॉस्मेटिक्सचे वेगळे नियम, आणि हो, घरी केलेलं तेल, साबण, उटणं विकायलाही बनवण्याचं लायसन्स लागतं, ते आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतं. 'घरचंच तर आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. तिसरा कप्पा औषधाचा, त्यात आयुर्वेदिक औषधंही आली, आणि त्याला औषध बनवण्याचं लायसन्स.

यातली मेख अशी की वस्तू कुठल्या कप्प्यात जाते हे नुसतं आत काय आहे त्यावर ठरत नाही, तुम्ही तिच्याबद्दल काय बोलता त्यावरही ठरतं. खोबरेल तेलात माका आणि जास्वंद उकळून 'केसांना लावायचं तेल' म्हटलं तर कॉस्मेटिक. त्याच बाटलीवर 'टक्कल पडलेल्या जागी केस उगवतात' लिहिलं की तुम्ही औषधाच्या कप्प्यात उडी मारलीत, तीही लायसन्सशिवाय. गंमत म्हणजे लायसन्सवाल्या औषधालाही हे लिहायची मुभा नाही, औषधांच्या नियमांत शेड्यूल जे नावाची यादी आहे, त्यात टक्कल, नवीन केस येणं, केसांचा रंग बदलणं, अकाली पांढरे केस, त्वचा गोरी करणं, मुलांची उंची, स्मरणशक्ती, मूळव्याध हे सगळं आहे, आणि यातलं काही बरं करतो किंवा रोखतो असा दावा औषधालाही करता येत नाही. म्हणजे केसांच्या तेलाच्या निम्म्या जाहिरातींत आपण जे वाक्य पाठ असल्यासारखं लिहितो तेच.

खायच्या मालाचंही तसंच. 'सकाळी उपाशीपोटी १ चमचा कोमट पाण्यातून, ४१ दिवस' असं पाकिटावर लिहिलं की वाचणाऱ्याला ते औषधच वाटणार, आजाराचं नाव कुठे नसलं तरी. पदार्थ असेल तर पदार्थासारखा सांगा, भाकरीत घाला, आमटीत घाला, ताकात घाला.

कायदे कोणते, थोडक्यात

सगळ्यात जुना १९५४ चा, औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याच्या यादीत ५४ आजार आणि अवस्था आहेत ज्यांच्यावर उपाय म्हणून जाहिरात करायचीच नाही: मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, हृदयरोग, लठ्ठपणा, मुतखडा, पाळीच्या तक्रारी, मोतीबिंदू, संधिवात, अर्धांगवायू, वंध्यत्व, सगळ्या प्रकारचे ताप. लठ्ठपणा यादीत आहे हे ऐकून प्रत्येक जण दचकतो. आणि या कायद्यात 'जाहिरात' म्हणजे नुसतं छापलेलं नाही, लेबल, वेष्टन, पत्रक आणि तोंडाने बोललेलंसुद्धा, इतकंच काय प्रकाश, आवाज किंवा धूर वापरून केलेली घोषणा पण. १९५४ साली धुराचा विचार करून ठेवलेल्या लोकांपुढे तुमचं इन्स्टा लाइव्ह काय चीज आहे. ताईत-गंडे आणि मंत्राने भारलेल्या वस्तूसुद्धा यातच येतात, त्यामुळे 'सिद्ध केलेलं' रुद्राक्ष रक्तदाबासाठी विकणाऱ्यांनी हे वाचून घ्यावं.

खायच्या वस्तूंसाठी २००६ चा अन्न सुरक्षा कायदा, आणि त्याखाली २०१८ चे जाहिरात व दाव्यांचे नियम, जे १ जुलै २०१९ पासून लागू झाले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला यात १० लाखांपर्यंत दंड आहे. त्याशिवाय २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, त्यातही पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि यात जाहिरात करणारा इन्फ्लुएन्सरही अडकतो. हे आकडे घाबरवायला सांगत नाहीये, एवढा दंड घरगुतीवाल्यांना रोज होत नसतो, आपल्याला जे रोज होतं ते म्हणजे लिस्टिंग उडणं, पैसे अडकणं आणि अकाउंट बंद होणं. मोठ्यांचं पाहायचं असेल तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरून पतंजलीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये पेपरात जाहीर माफीनामे छापावे लागले, ते सगळ्यांनी पाहिलंय.

दाव्यांची शिडी

आता मुख्य काम. मी वाक्यं तपासताना एक शिडी डोळ्यासमोर ठेवते, नाचणीच्या पिठाचं उदाहरण घेऊ.

सगळ्यात खालची पायरी, 'नाचणीचं पीठ, दगडी जात्यावर दळलेलं'. ही माहिती आहे, खरी असली की झालं. त्यावरची, 'यात कॅल्शियम भरपूर'. हा पोषणाचा दावा, करता येतो पण आकडा लागतो. नियम असा की १०० ग्रॅममध्ये रोजच्या गरजेच्या किमान १५ टक्के असेल तर 'कॅल्शियमचा स्रोत' म्हणता येतं, ३० टक्के असेल तर 'भरपूर'. नाचणीच्या दाण्यात १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि मोठ्या माणसाची रोजची गरज १००० मिलिग्रॅम धरतात, म्हणजे पीठ पास होतं. त्यावरची पायरी, 'कॅल्शियम हाडांसाठी गरजेचं असतं'. हे वाक्य कॅल्शियमबद्दल आहे, तुमच्या पिठाबद्दल नाही, आणि आधीची पायरी पक्की असेल तरच तिथे चढायचं. त्याच्या वर, 'हाडं ठिसूळ होण्याचा धोका कमी होतो'. इथे थांबा. आजाराचा धोका कमी होण्याचे मोजके दावे नियमांत आहेत, पण ठरलेल्या शब्दांत आणि ठरलेल्या अटींवर, ते आपल्यासाठी नाहीत असंच समजा. आणि सगळ्यात वर, 'गुडघेदुखी गायब'. ही शिडी नाहीच, गच्चीवरून उडी आहे.

बहुतेक लोक पहिल्या पायरीवरून थेट गच्चीत जातात, मधल्या दोन पायऱ्या ज्या कायद्याने आपल्याला दिल्यात त्या कोणी वापरतच नाही.

यात एक बारीक खोच आहे. पिठाचा आकडा सत्त्वाला लावू नका. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून जे सत्त्व निघतं त्यात चोथा मागे राहिलेला असतो, मग फायबर कुठून येणार? नेटवरून 'नाचणीत फायबर भरपूर' उचलून सत्त्वाच्या पाकिटावर टाकणं म्हणजे सरळ खोटं, हेतू कितीही चांगला असला तरी. फायबर 'भरपूर' म्हणायला १०० ग्रॅमला ६ ग्रॅम लागतं. तुमचा तयार माल आहे त्या अवस्थेत एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमधून तपासून घ्या, रिपोर्ट फाइलला ठेवा, रेसिपी बदलली की परत. खर्च होतो, मान्य. खर्च करायचा नसेल तर आकड्याचा दावा करू नका, पहिल्या पायरीवर राहा, तिथे राहूनही माल विकला जातो.

आणि सत्त्वाला 'हेल्थ ड्रिंक' म्हणू नका. एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआयने ऑनलाइन साइट्सना सांगितलं की दूध, धान्य किंवा माल्टवर आधारित पेयं हेल्थ ड्रिंक, एनर्जी ड्रिंक या कॅटेगरीत टाकू नका, कारण हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच आपल्या अन्न कायद्यात नाही. लिस्टिंग टाकताना ड्रॉपडाउनमध्ये चुकूनही तसलं काही निवडू नका.

साखरेचं प्रकरण

लाडूवाल्यांसाठी हे वेगळं लिहिते कारण दिवाळीत दर दुसऱ्या पोस्टमध्ये हीच चूक असते. 'शुगर फ्री' म्हणायला १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. खजुराचे लाडू शुगर फ्री? खजूर निम्म्याहून जास्त साखरच असतो. गुळाचे लाडू 'नो अ‍ॅडेड शुगर'? अहो, गूळ ही साखरच, आणि ती तुम्हीच घातलीय. मधाचंही तेच. आणि 'डायबेटिक फ्रेंडली', 'शुगरवाल्यांनाही बिनधास्त' हे तर कुणाच्या तरी घरात खरोखर दुखणं वाढवणारं वाक्य आहे, बिचारी माणसं चार-चार लाडू खातात मग. लिहायचं तर सरळ लिहा, 'साखरेऐवजी गूळ वापरलाय' किंवा 'गोडवा फक्त खजुराचा'. ज्याला कळायचं त्याला कळतं.

लाल पेन घेऊन बसा

आता तुमची लिस्टिंग कागदावर काढा आणि हे शब्द शोधा: रामबाण, गुणकारी, उपाय, इलाज, मुळापासून, कायमचा, नियंत्रणात, घटवतो, बरा, मुक्ती, गॅरंटी, साइड इफेक्ट नाही, डिटॉक्स, इम्युनिटी, औषधी, डॉक्टरांनी सुचवलेलं. शेवटचं विशेष, अन्नाच्या जाहिरातीत डॉक्टरांची शिफारस आहे असं सांगायला किंवा सुचवायला मनाई आहे, पांढरा कोट घातलेला फोटोही तेच सुचवतो. 'साइड इफेक्ट नाही' तर कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, शेंगदाण्याचाही काहींना होतो.

शब्द खोडून तिथे दुसरा सौम्य शब्द बसवणं ही पळवाट आहे, 'शुगर कमी करते' च्या जागी 'शुगरला मदत करते' लिहून काहीही बदलत नाही. वाक्यच नवीन लिहा. माझी काही उदाहरणं:

'अळीवाचे लाडू, बाळंतिणीचं दूध वाढवतात, कंबरदुखी थांबवतात' हे होतं. आता आहे, 'अळीव, ओलं खोबरं आणि चिकीच्या गुळाचे मऊ लाडू, वेलची-जायफळ घालून, फ्रिजमध्ये ८ दिवस टिकतात'. बाळंतिणीचा शब्दच काढला, आणि विक्री तेवढीच आहे. कारण मराठी घरात अळीव म्हटलं की कशाला ते सांगावं लागतच नाही, आजी-मावशी-सासू सगळ्यांनी ते काम आधीच करून ठेवलंय. डिंकाचंही तसंच, सुंठीचंही तसंच. आपण उगीचच माहीत असलेलं सांगायला जातो आणि त्यापायी नियम मोडतो.

'कोकम आगळ, पित्तावर रामबाण, वजन घटवा' याचं केलं, 'रातांब्याचं मीठ घातलेलं आगळ, पाणी नाही, रंग नाही, एका बाटलीत साधारण २५ ग्लास सोलकढी'. बाटलीत किती ग्लास होतात हे लोकांना खरंच हवं असतं, इनबॉक्समधला तो पहिला प्रश्न असतो.

'केशवर्धक आयुर्वेदिक तेल, केस गळती ७ दिवसांत बंद' याचं, 'माका, जास्वंद, मेथीदाणा खोबरेलात मंद आचेवर उकळून केलेलं डोक्याला लावायचं तेल, वास उग्र आहे, रात्री लावून सकाळी धुवा'. वास उग्र आहे हे लिहिल्यापासून परत येणाऱ्या बाटल्या कमी झाल्या. 'आयुर्वेदिक' काढलं कारण ते लायसन्स आमच्याकडे नाही.

मूळ, जागा, पद्धत, चव, वापर, टिकण्याचा काळ, एवढ्यावर भरपूर लिहिता येतं. फक्त जागेचं नाव घालताना सांभाळा, बहाडोलीचं जांभूळ, वायगावची हळद, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम यांना भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) आहे आणि ते नाव-चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते.

आणि माझी जांभूळ बियांची पावडर? तिच्यावर लाल पेन फिरवल्यावर पाकिटावर नाव आणि वजन एवढंच उरलं. चव तुरट-कडू, कशात घालायची तर कशातच नाही, ती कोणी घेत असेल तर फक्त आजारासाठी. मग मी ती बंद केली. दावा काढल्यावर ज्या वस्तूबद्दल सांगायला काही उरतच नाही ती औषध म्हणूनच विकली जातेय हे मान्य करायला मला सहा महिने लागले. आता जांभळाचा गर आणि सरबत करते.

दावे कुठे कुठे लपतात

वर्णन सुधारून लोक सुटल्यासारखं करतात, पण वर्णन हा फक्त दर्शनी भाग. वस्तूचं नावच बघा, 'मधुनाशक चूर्ण' नावातच दावा आहे. फोटोवरची अक्षरं. आधी-नंतरचे फोटो, टकलाचे आणि पोटाचे. हॅशटॅग, वर्णन साधं आणि खाली #वजनकमी #थायरॉइड. लिस्टिंगच्या मागच्या बाजूला सर्चसाठी कीवर्ड टाकायची जागा असते, ती गिऱ्हाइकाला दिसत नाही पण साइटला दिसते, माझ्या एका मैत्रिणीची लिस्टिंग फक्त तिथे 'पीसीओडी' लिहिल्यामुळे अडकली होती. जुने रील, हायलाइट, पिन केलेली कमेंट, यूट्यूबचं थंबनेल, व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग, पार्सलमध्ये टाकायचं माहितीपत्रक. एक रविवार काढा आणि सगळं चाळा.

पैसे देऊन जाहिरात करत असाल तर अजून एक, फेसबुक-इन्स्टावर वाचणाऱ्याला त्याच्या आजारावरून किंवा शरीरावरून हाक मारलेली चालत नाही, 'तुम्हाला शुगर आहे का?' असं सुरू केलं की जाहिरात नाकारली जाते.

रिव्ह्यूचं लोकांना पटतच नाही. 'मी नाही म्हटलं, गिऱ्हाइकानेच लिहिलंय'. गिऱ्हाइकाने साइटवर लिहिलं ते तिचं, पण 'ताई तुमच्या तेलाने माझं सोरायसिस गेलं' याचा स्क्रीनशॉट तुम्ही स्टेटसला ठेवलात की ती तुमची जाहिरात झाली. मी असे मेसेज मनापासून धन्यवाद म्हणून वाचते आणि तिथेच ठेवते. 'पार्सल वेळेत आलं, लाडू मऊ होते' हे मात्र हजारदा टाका. आणि बहिणीच्या, वहिनीच्या नावाने स्वतःच रिव्ह्यू लिहिणं तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच बंद आहे.

खाली बारीक अक्षरात 'हे औषध नाही, डॉक्टरांचा सल्ला घ्या' लिहिलं की वर काहीही चालतं हाही गैरसमजच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या २०२२ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे, वरचा दिशाभूल करणारा दावा खालच्या डिस्क्लेमरने दुरुस्त होत नाही. काही जणी अमेरिकन सप्लिमेंटच्या डब्यावरचं 'हे विधान एफडीएने (अमेरिकेचं अन्न-औषध खातं) तपासलेलं नाही' वालं वाक्य भाषांतर करून लावतात, ते तिकडच्या नियमांचं आहे, इथे त्याचा शून्य उपयोग.

इनबॉक्समध्ये काय बोलायचं

सगळं स्वच्छ ठेवून शेवटी माणूस घसरतो तो इथे, कारण समोरची बाई काकुळतीने विचारत असते, "सासूबाईंना शुगर आहे, हे चालेल का?" आणि 'हो हो चालेल' म्हटलं की ऑर्डर नक्की असते. माझं ठरलेलं उत्तर असं: "ताई, यात गूळ आहे, एका लाडवाचं वजन ४० ग्रॅम. सासूबाईंना चालेल का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, साहित्याची पूर्ण यादी पाठवते, ती त्यांना दाखवा. आणि गोळ्या मात्र माझ्या कुठल्याच मालामुळे बंद करू नका." हे क्विक रिप्लायमध्ये सेव्ह करून ठेवलंय, म्हणजे घाईत हात दुसरीकडे वळत नाही. काही ऑर्डर जातात यामुळे, जाऊ देत.

घरातल्यांनाही सांगून ठेवा. आमच्याकडे फोन सासरे उचलायचे आणि बिनधास्त सांगायचे, "घ्या घ्या, गुडघ्याला एकदम भारी!"

लिस्टिंग उडालीच किंवा नोटीस आली तर

पहिलं म्हणजे रागात तीच लिस्टिंग नाव बदलून परत टाकू नका, दुसऱ्यांदा पकडलं की अकाउंटच जातं. वॉर्निंगमध्ये कुठल्या नियमाखाली काढलंय ते असतं, ते वाचा, स्क्रीनशॉट काढा. नाव, वर्णन, फोटो, कीवर्ड सगळं सुधारा, एकच शब्द बदलून अपील करू नका. अपील दोन ओळींचं ठेवा, काय होतं, काय काढलं, रजिस्ट्रेशन नंबर आणि असेल तर लॅब रिपोर्ट जोडला. 'सगळेच लिहितात' हे लिहू नका, ते मी लिहिलं होतं, काही उपयोग झाला नाही.

सरकारी नोटीस असेल तर उत्तराची मुदत बघा आणि ती चुकवू नका, अन्न परवान्याची कामं करणारा सल्लागार किंवा वकील त्याच दिवशी गाठा, आणि तोवर त्या वस्तूची विक्री व पोस्ट थांबवा. पोस्ट डिलीट करण्याआधी कॉपी ठेवा, काय लिहिलं होतं ते नंतर विचारतात.

छापलेल्या पाउचचा प्रश्न उरतो. दावा असलेल्या जागेवर मार्कर फिरवून पाठवू नका, ते खालून वाचता येतं आणि माल जुना-भेसळीचा वाटतो तो वेगळाच. मी उरलेले ३०० पाउच सरळ रद्दीत घातले. पुढच्या वेळी छापताना एकदम ५००० काढू नका, नियम हलतात, ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयने तुपा-दुधाच्या पाकिटांवरचं ए१-ए२ (दुधातल्या प्रथिनाच्या प्रकारावरून लिहितात ते) काढा म्हणून सांगितलं आणि पाचच दिवसांत ते मागे घेतलं, त्या पाच दिवसांत घाईने पाकिटं बदलायला निघालेल्यांचं काय झालं असेल कुणास ठाऊक. साधं पाउच आणि वरून स्टिकर, ५०० ची गड्डी, आणि स्टिकरचा मजकूर प्रेसला देण्याआधी घराबाहेरच्या एखाद्या माणसाला वाचायला देऊन विचारा, हे कशासाठी आहे असं वाटतं? त्याने आजाराचं नाव घेतलं तर मजकूर परत लिहायला बसा.